चेटीचंडला उल्हासनगरात जाताना

चेटीचंड हा सिंधी समाजाचा वर्षारंभ. ‘चेट’ म्हणजे चैत्र, ‘चंड’ म्हणजे चंद्र. चैत्रातली पहिली कोर दिसते तो हा दिवस. सिंधी समाजाचे इष्टदैवत झुलेलाल यांची जयंतीही याच दिवशी असते. मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मराठी घरांना सिंधी माणूस परका नाही. कापड, फर्निचर, लग्नाचा बस्ता यांसाठी उल्हासनगरला चकरा होतातच. सणाला मात्र फारसे कोणी जात नाही, आणि जायचे ठरले की तेच ते प्रश्न पुढे येतात. तारीख पाडव्याची की दुसऱ्या दिवसाची? जायचे कुठल्या कॅम्पात? उतरायचे कुठे? बोलावणे नसताना गेले तर चालते का? हातात प्रसाद ठेवला तर त्याचे काय करायचे?

आधी तारीख

सर्वाधिक गोंधळ तारखेचा होतो. गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला, सूर्योदयाच्या तिथीवरून ठरतो. चेटीचंडला महत्त्व संध्याकाळी दिसणाऱ्या चंद्रकोरीला, म्हणजे द्वितीयेला. म्हणून बहुतेक वर्षी चेटीचंड पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. प्रतिपदा दुपारीच संपली आणि संध्याकाळी द्वितीया असली, तर दोन्ही सण एकाच दिवशी पडतात. २०२५ मध्ये ३० मार्चला असेच झाले.

यातून घरच्या नियोजनाचे दोन प्रकार होतात. दोन्ही सण एकत्र आले, तर सकाळ गुढीची आणि दुपारनंतरचा वेळ उल्हासनगरचा, असा दिवस वाटून घेता येतो. वेगवेगळ्या दिवशी आले, तर राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांत पाडवा असतो, चेटीचंड नसतो, हे लक्षात ठेवा. नोकरदाराला रजा टाकावी लागेल किंवा संध्याकाळचीच वेळ धरावी लागेल. शाळांच्या परीक्षाही याच सुमारास असतात.

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत ‘झुलेलाल जयंती’ किंवा ‘चेटीचंड’ छापलेले सापडते. तरीही मिरवणुकीची वेळ आणि मार्ग दिनदर्शिकेत नसतो. तो त्या त्या भागातली सिंधी पंचायत ठरवते. आठ-दहा दिवस आधी चौकाचौकांत फलक लागतात. काही फलक देवनागरीत असतात, काही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. ही लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात आणि तिच्यात ५२ अक्षरे आहेत. ती वाचता येत नसेल, तर शेजारच्या दुकानदाराला विचारावे. या बाबतीत त्याच्याइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही.

उल्हासनगर म्हणजे एक मैदान नव्हे

चेटीचंडला ‘उल्हासनगरला जाऊ’ एवढेच ठरवून निघणे ही पहिली चूक. जत्रेसारखे एका ठिकाणी सगळे मांडलेले नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिच्या बॅरेकींत उतरवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव ‘उल्हासनगर’ ठेवले गेले. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ म्हणूनच ओळखले जातात. लोकांच्या तोंडी आणि पत्त्यांत बॅरेक नंबर, सेक्शन नंबर अजून टिकून आहेत.

प्रत्येक कॅम्पात मंदिरे, दरबार आणि टिकाणे (गुरू ग्रंथसाहिब असलेली प्रार्थनास्थळे) आहेत, आणि प्रत्येकाचा कार्यक्रम वेगळा. त्यामुळे पत्ता विचारताना आधी कॅम्प, मग सेक्शन किंवा चौक आणि शेवटी मंदिराचे नाव, असा क्रम ठेवावा. केवळ ‘झुलेलाल मंदिर’ म्हटले, तर रिक्षावाला जवळचे दाखवून मोकळा होईल. त्याची चूक नसते, त्या नावाची मंदिरे एकाहून अधिक आहेत.

रेल्वेमार्ग शहराच्या मधून जातो. ढोबळमानाने कॅम्प १, २, ३ पश्चिमेला आणि कॅम्प ४, ५ पूर्वेला येतात. स्टेशनातून कोणत्या बाजूने बाहेर पडायचे, हे त्यावरून ठरते.

तिन्हीचा हट्ट नको

चेटीचंडचा दिवस तीन तुकड्यांत येतो: सकाळचे मंदिर, दुपारचा भंडारा, आणि दुपार कलल्यावर निघून रात्रीपर्यंत चालणारी शोभायात्रा. तिन्ही गाठू पाहणाऱ्यांचा दिवस रस्त्यातच जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकच निवडावे, फार तर लागून येणारे दोन.

* सकाळ: वयस्कर माणसे, तान्ही मुले किंवा गुडघेदुखी बरोबर असेल तर हीच वेळ. गर्दी विरळ असते, ऊन चढलेले नसते. आरती, बहराण्याची म्हणजे ज्योतीच्या थाळीची तयारी, भजन जवळून पाहता येते.
* दुपार: भंडाऱ्याच्या पंगतीत किंवा रांगेत जेवण. ज्यांना सण ताटातून समजतो, त्यांनी ही वेळ धरावी.
* संध्याकाळ: चित्ररथ, ढोल, शहनाई आणि टिपऱ्यांचा छेज. डोळ्यांना सर्वांत श्रीमंत वेळ हीच, आणि सर्वांत दमवणारीही. शेवटच्या लोकलचा हिशेब आधी करून मगच थांबावे.

फक्त संध्याकाळ मोकळी असलेल्यांनी मिरवणुकीबरोबर चालत न राहता तिच्या मार्गावरचा एखादा रुंद चौक गाठून थांबावे. मिरवणूक समोरून पूर्ण जाते, पाय दुखत नाहीत, आणि बाहेर पडायला गल्ली हाताशी असते.

कसे पोहोचावे

मोरिवलीहून निघणाऱ्यांना दोन वाटा आहेत: अंबरनाथ स्टेशनवरून लोकल, किंवा रिक्षाने थेट. कॅम्प ५ अंबरनाथला लागूनच आहे, त्यामुळे तिकडे जायचे असेल तर रिक्षा सोयीची. बाकी कॅम्पांसाठी लोकल बरी, कारण मिरवणुकीच्या वेळी रस्ते वळवलेले असतात आणि रिक्षा मध्येच सोडते.

अंबरनाथहून कल्याणच्या दिशेने पहिले स्टेशन उल्हासनगर, दुसरे विठ्ठलवाडी. बदलापूरकरांना आणखी एक स्टेशन जास्त. कल्याण ते कर्जत या टप्प्यात फास्ट लोकलही प्रत्येक स्टेशनावर थांबते, त्यामुळे ‘ही उल्हासनगरला थांबेल का’ ही काळजी नको.

* कॅम्प ३: उल्हासनगर स्टेशन, पश्चिम बाजू.
* कॅम्प ४: विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर, पूर्व बाजू.
* कॅम्प ५: उल्हासनगर पूर्व, नाहीतर अंबरनाथहून रिक्षा.
* कॅम्प १ आणि २: जवळचे स्टेशन शहाड. पण शहाड कसारा मार्गावर आहे. अंबरनाथकडून येणाऱ्याला कल्याणला उतरून गाडी बदलावी लागते, कल्याणचा जिना चढावा लागतो. त्यापेक्षा उल्हासनगरला उतरून रिक्षा करणे बरे.

परतताना इंडिकेटरवरची अक्षरे नीट पाहावीत. ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, ‘बीएल’ म्हणजे बदलापूर, ‘एस’ म्हणजे कर्जत. अंबरनाथ लोकल अंबरनाथलाच संपते. बदलापूरच्या माणसाने रात्री उशिरा तीत चढून अर्ध्या वाटेत अडकू नये. शहाडहून किंवा कल्याणहून परतणाऱ्यांनी ‘एन’ म्हणजे कसारा हे विसरू नये. सण रविवारी आला, तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

मोबाइलवर तिकीट काढायचे असल्यास ते घरूनच काढावे. गर्दीचे कारण तपासनिसापुढे चालत नाही. विनातिकीट सापडल्यास भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये दंड भरावा लागतो.

स्वतःची गाडी नेऊ नये, हा सल्ला जरा ठामच आहे. उल्हासनगरचे रस्ते छावणीच्या आखणीवर वाढलेले आहेत आणि बाजारपेठेत एरवीही गाडी लावायला जागा मिळत नाही. न्यावीच लागली, तर मिरवणुकीच्या मार्गापासून दूर लावून पुढे चालत जावे. मार्गावर उभी केलेली गाडी उचलली गेली, तर दंड आणि टोइंगचे पैसे दोन्ही भरावे लागतात.

रिक्षात बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे, शेअरचे की स्पेशलचे हेही. अवाच्या सवा मागितले किंवा उर्मटपणा झाला, तर गाडीचा नंबर टिपून घेऊन परिवहन विभागाकडे तक्रार करता येते. या भागासाठी कल्याणचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, एमएच ०५ ही त्याचीच मालिका.

बोलावणे लागते का

नाही. मंदिर, मिरवणूक आणि भंडारा सर्वांना खुले असतात. प्रवेशाला पैसे नसतात, जात-धर्म कोणी विचारत नाही. झुलेलालांची कथाच त्या वळणाची आहे. ठठ्ठ्याचा राजा मिर्खशाह प्रजेवर धर्मांतराची सक्ती करू लागला, तेव्हा लोकांनी सिंधू नदीकाठी चाळीस दिवस आराधना केली आणि नसरपूर येथे उदेरोलाल जन्मले, अशी ती कथा. सिंधमध्ये उदेरोलालच्या स्थानी हिंदू आणि मुसलमान दोघेही आजतागायत माथा टेकतात. कमळावर किंवा माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, हातात ग्रंथ घेतलेला हा देव मंदिरात दिसला की इतके आठवले तरी पुरे.

वेगळे असते ते घरगुती बोलावणे. ओळखीच्या सिंधी कुटुंबाने घरी जेवायला बोलावले, तर वेळ पाळावी आणि जाताना मिठाई किंवा फळे न्यावीत. तुमच्या घरची पुरणपोळी नेलीत तर ती पहिल्यांदा संपेल.

मंदिरात आणि टिकाण्यात

बऱ्याच सिंधी कुटुंबांची गुरू नानकांवर श्रद्धा असते. त्यामुळे झुलेलालांच्या मंदिराव्यतिरिक्त टिकाणे हाही एक प्रकार पाहायला मिळतो. तेथे गुरू ग्रंथसाहिब असतो आणि शेजारी देवतांच्या तसबिरीही असतात. मराठी माणूस इथे हमखास एका गोष्टीत चुकतो: डोके झाकायचे राहते. स्त्री असो वा पुरुष, डोक्यावर ओढणी, पदर किंवा रुमाल हवा. काही ठिकाणी दाराशी रुमालांची टोपली ठेवलेली असते, पण गर्दीच्या दिवशी ती रिकामी मिळते. घरून एक मोठा रुमाल खिशात टाकावा.

* चप्पल बाहेर. नवी, महागडी पादत्राणे घालून जाऊ नयेत. हरवल्यास मंदिराची जबाबदारी नसते.
* ग्रंथाकडे किंवा मूर्तीकडे पाय करून बसू नये.
* बसण्याची जागा स्त्री-पुरुषांची वेगळी असू शकते. इतर कसे बसले आहेत ते पाहून बसावे.
* फोटो काढण्यापूर्वी विचारावे. मिरवणुकीत हरकत नसते, गाभाऱ्यात आणि प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या तोंडावर कॅमेरा धरणे टाळावे.
* मद्यपान किंवा मांसाहार करून मंदिरात जाऊ नये.

प्रार्थनेच्या शेवटी ‘पल्लव’ असतो. सगळे उभे राहतात आणि ओढणीचे, पदराचे किंवा रुमालाचे टोक दोन्ही हातांनी पुढे पसरतात, जणू वरून काही पडणार आहे आणि ते झेलायचे आहे. मराठीत ‘पदर पसरणे’ म्हणतात तेच हे, फक्त इथे पुरुषही पसरतात. पाहुण्याने हात जोडून उभे राहिले तरी चालते. पदर पसरला तर शेजारचा माणूस सुखावतो.

बहराणा जवळून पाहताना

चेटीचंडचा गाभा म्हणजे बहराणा साहिब. मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या झगमगाटात तो नजरेतून सुटतो, म्हणून त्याची मांडणी सकाळीच पाहून ठेवावी. एका मोठ्या थाळीत कणकेचा गोळा बसवून त्यावर ज्योत लावतात. भोवती खडीसाखर, वेलची, फळे आणि अक्षता मांडलेल्या असतात. शेजारी पाण्याने भरलेला कलश, त्यावर नारळ, नारळावर कापड, फुले आणि पाने. बरोबर झुलेलालांची मूर्ती. कलशावर नारळ ठेवणे मराठी घराला नवे नाही, कणकेचा दिवाही नाही. नवी आहे ती वेलची: सिंधी पूजेत तिला जो मान आहे तो आपल्याकडे सुपारीला असतो.

ज्योत विझू नये म्हणून तिच्याभोवती हात धरून चालणारी माणसे मिरवणुकीत दिसतात. तिच्यापुढे ढोलाच्या ठेक्यावर छेज चालतो. टिपऱ्या घेऊन गोल धरतात, ठेका हळूहळू वाढत जातो. रिंगणात शिरायचे असेल तर दोन फेऱ्या बाहेरून पाहाव्यात. टिपरीचा वार कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे पडतो हे कळले की मग शिरावे. तोवर ठेका दुप्पट झाला असेल, तर हौस पुढच्या वर्षासाठी ठेवलेली बरी.

शेवटी बहराणा पाण्याकाठी नेतात. दूध, तांदूळ आणि साखर मिसळून ‘अखो’ पाण्याला वाहतात आणि ज्योत सोडतात. झुलेलाल ही जलदेवता, म्हणून सगळ्याचा शेवट पाण्यात. काठावर मुलांचा हात सोडू नये. विसर्जनाच्या वेळी सगळ्यांचे लक्ष ज्योतीकडे असते आणि पायाखालच्या शेवाळाकडे कोणाचेच नसते.

ताटात काय येते

भंडाऱ्यातले जेवण शाकाहारी असते. सणाचा खास पदार्थ म्हणजे ताहिरी: गूळ किंवा साखर घालून शिजवलेला गोड भात, बडीशेपेचा वास आणि वर सुका मेवा. नारळीभाताच्या आठवणीने घास घेतला तर बडीशेप दचकवते. तिच्याबरोबर बहुधा साईभाजी असते, म्हणजे पालक, चणाडाळ आणि इतर भाज्या एकत्र शिजवून घोटलेली. गोड भात आणि हिरवी भाजी एकाच घासात खायची असते; वेगवेगळे खाल्ले तर दोन्ही अर्धवट लागतात. प्रसाद म्हणून उकडलेले हरभरे हातावर पडतात. रस्त्यावर मंडपांतून सरबत वाटतात.

सकाळी लवकर गेलात तर न्याहारीला दालपकवान खावे. कडक तळलेली मोठी पुरी आणि वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. पकवान मोडून डाळीत बुडवायचे. डाळ आधीच वर ओतून ठेवली, तर मऊ पडलेली पुरी खावी लागते.

मधुमेह असणाऱ्यांनी ताहिरी चमचाभर घेऊन ‘बस’ म्हणावे. सुक्या मेव्याची ॲलर्जी असल्यास वाढण्यापूर्वीच सांगावे. प्रसाद नाकारण्याची वेळ आलीच, तर हात मागे न घेता थोडासा घेऊन तो रुमालात बांधून घरी न्यावा. पानात टाकून देऊ नये. वाढणारे आग्रह करतात आणि तो खरा असतो. दुसऱ्यांदा नको म्हटल्यावर थांबतातही.

पाणी घरचे न्यावे. चैत्रातले ऊन, त्यात माणसांची गर्दी. एका माणसाला एक लिटर कमीच पडते. सरबतात टाकलेला बर्फ कुठून आला हे माहीत नसेल, तर बिनबर्फाचे मागावे.

बोलावे कसे

भेटताच ‘जय झुलेलाल’ म्हणावे. शुभेच्छा द्यायच्या तर ‘चेटीचंड जूं लख लख वाधायूं’. एवढे सिंधी पुरते, पुढचे संभाषण मराठी-हिंदीत आपोआप सरकते. उल्हासनगरच्या पुष्कळ सिंधी दुकानदारांचे मराठी चांगले असते. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दादा’ म्हणतात. तो मराठी ‘दादा’सारखा थोरला भाऊ नसून आदरार्थी शब्द आहे, त्यामुळे ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही चालतो. आदराने ‘साईं’ म्हटलेलेही कानी पडेल.

दोन गोष्टी टाळाव्यात. ‘रेफ्युजी’ हा शब्द वापरू नये. जुन्या पिढीला तो लागतो आणि नव्या पिढीचा जन्म इथलाच आहे. आणि ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद करू नये. समोरच्याने तो शाळेपासून ऐकलेला असतो.

सिंध कसे होते, कोणते गाव, हे विचारायला मात्र संकोच नको. बहुतेक घरांत कोणीतरी शिकारपूर, हैदराबाद, लारकाना ही नावे घेणारे असते आणि ऐकणारा भेटला की दुसरा चहा येतोच.

खर्च, देणगी आणि खरेदी

दर्शनाला आणि जेवणाला पैसे लागत नाहीत. खर्च तेवढा प्रवासाचा आणि बाजाराचा. कपड्यांसाठी गजानन मार्केट आणि जपानी बाजार, लाकडी सामानासाठी फर्निचर बाजार अशी ख्याती आहे, पण चेटीचंडला बरीच दुकाने अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस बंद असतात. खरेदीचा बेत वेगळ्या दिवसाचा करावा. एका फेरीत दोन्ही उरकायचा मोह झाला, तर हाती बहुधा बंद शटरच लागते.

देणगी ऐच्छिक असते. द्यायची असेल तर दानपेटीत टाकावी किंवा पावती घ्यावी. पावतीवर न्यासाचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली होते. रस्त्यात थाळी फिरवणाऱ्याकडे पावती नसेल, तर हात जोडून पुढे जावे. आयकरात सवलत हवी असल्यास त्या न्यासाला ८०जी लागू आहे का हे विचारूनच रक्कम द्यावी. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास ही सवलत मिळत नाही.

तुमचे हक्क

सण आहे म्हणून कायदा सुट्टीवर जात नाही, आणि हे आयोजक चांगले जाणून असतात. तरी पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

* छापील किंमत: बाटलीबंद पाणी, पाकीट वगैरेंवर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. घेतल्यास बिल किंवा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी.
* ‘माल परत घेतला जाणार नाही’: अशी पाटी लावली म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून बिल मागावेच.
* आवाज: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सूट देता येते. त्या दिवसाला सूट आहे की नाही, हे पोलिसांकडून कळते. तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण बरोबर असेल, तर नियमाची वाट न पाहता ध्वनिक्षेपकांपासून दूर जावे.
* प्लास्टिक: राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. कापडी पिशवी आणि घरचा पेला बरोबर असला की काम भागते.
* छेडछाड, चोरी, हरवणे: ११२ हा एकच क्रमांक पुरतो. मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८, लोकलमध्ये असताना १३९.

मिरवणुकीत मुलाच्या खिशात पालकांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. नाव लिहू नये. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल लगेच विश्वास ठेवते. मोठ्यांनीही भेटण्याची जागा आधीच ठरवावी. गर्दीत फोन लागत नाही. ‘स्टेशनवर भेटू’ असे मोघम न म्हणता ‘उल्हासनगर पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी’ असे ठरवावे.

तो दिवस चुकला तर

चेटीचंडला जमले नाही म्हणून वर्षभर थांबावे लागत नाही.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ‘चालिहो’ असतो, चाळीस दिवसांचे व्रत. सिंधूकाठच्या त्या चाळीस दिवसांच्या आराधनेची ही आठवण. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधले चालिया मंदिर यासाठी प्रसिद्ध आहे. सांगतेच्या दिवशी डोक्यावर मटकी घेऊन भाविक निघतात. शांतपणे पाहायचे असेल, तर सांगता टाळून मधल्या एखाद्या संध्याकाळी आरतीला जावे. हे दिवस पावसाचे आहेत: वालधुनी आणि उल्हास दोन्ही नद्यांना पाणी चढते, लोकल रखडतात. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी बेत रद्द करावा.

श्रावण वद्य सप्तमीच्या सुमारास ‘थदडी’ येते. आदल्या दिवशी केलेले लोले आणि कोकी थंडच खायचे, चूल पेटवायची नाही. आपल्या शिळासप्तमीची ही सख्खी बहीण. पण ती पूर्ण घरगुती असते, ओळखीशिवाय पाहता येत नाही.

१० एप्रिलला सिंधी भाषा दिन असतो. १९६७ मध्ये याच तारखेला सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. गाणी, नाटक, भाषणे असे सभागृहातले कार्यक्रम ज्यांना मानवतात, त्यांनी या तारखेकडे लक्ष ठेवावे. गर्दी नाही, ऊन नाही, खुर्ची मिळते.

लांब राहणाऱ्या नातलगांना चेटीचंड पाहायचा असेल, तर त्यांना उल्हासनगरलाच बोलावले पाहिजे असे नाही. पुण्याजवळ पिंपरी, कोल्हापूरजवळ गांधीनगर, मुंबईत चेंबूर, नागपुरात जरीपटका आणि जळगाव येथेही मोठ्या सिंधी वस्त्या आहेत.

आणि उत्सवच पाहायचा आहे, कुठला ते महत्त्वाचे नाही, अशांसाठी अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्र घराजवळ आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिरात त्या दिवशी मोठी यात्रा भरते आणि दर्शनाची रांग फार लांबते. कोरीव काम पाहायचे असेल तर यात्रेचा दिवस त्यासाठी निरुपयोगी. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जावे, उन्हाची तिरीप भिंतींवर पडलेली असताना.